मतपरीक्षा व तिचे दोन मराठी परीक्षक

ख्रिस्ती ईश्वरशास्त्राची प्रारंभिक ओळख करून देणारीं पुस्तकें मराठींत पुष्कळ आहेत. परंतु तीच ओळख शास्त्रीपंडितांस गीर्वाणवाणींत करून देण्याचा एक प्रयत्न एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत झाला, व त्यास ग्रंथरूपानें उत्तर देणाऱ्या तिघांपैकीं दोघे महाराष्ट्रीय होते. हें प्रकरण हस्तलिखितांच्या संग्राहकांनीं ध्यानांत ठेवण्यासारखें असल्यामुळें त्याचा येथें संक्षेपानें परामर्श घेण्याचें आम्हीं योजिलें आहे.

जॉन म्यूर (१८१०–१८८२) या कंपनी सरकारच्या मुलकी अधिकाऱ्यानें १८३९ सालीं ‘मतपरीक्षा’ हा संस्कृत पद्यग्रंथ कलकत्त्यास छापविला. विल्यम हॉज मिल यांनीं ख्रिस्तचरित्र संस्कृत पद्यांत रचून परिभाषेची वाट आधींच घालून दिली होती. म्यूरनें गुरुशिष्यसंवादाची आपली जुनी पद्धति स्वीकारली व खऱ्या शास्त्राचीं तीन लक्षणें सांगितलीं: मतसंस्थापकाच्या ठायीं अद्भुत कृत्यांचें सामर्थ्य, ग्रंथाचें पावित्र्य, आणि तो सर्व मनुष्यजातीस उद्देशून असणें. हीं लक्षणें केवळ ख्रिस्ती शास्त्रासच लागू पडतात, हा त्याचा निष्कर्ष.

पहिलें उत्तर, ‘मतपरीक्षाशिक्षा’, त्याच वर्षीं निघालें. त्याचा कर्ता सोमनाथ म्हणजे सिहोरचे सुबाजी बापू होत, असें संशोधकांनीं ठरविलें आहे. पुराणांतील भूगोलाविरुद्ध सिद्धान्तज्योतिषाचा पक्ष घेणारे हे पंडित धर्माच्या बाबतींत मात्र अधिकारभेद मानीत. ईश्वरानें ज्यास जो मार्ग नेमून दिला त्यानें तो आचरावा, हें त्यांचें म्हणणें. दुसरें उत्तर बंगालच्या हरचंद्र तर्कपंचाननांचें, १८४० चें.

तिसरें उत्तर काशींतील तरुण चित्पावन पंडित नीलकंठशास्त्री गोरे यांचें, ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’ (१८४४–४५). पूर्वजन्म न मानल्यास जन्मतःच दुःख भोगणाऱ्या प्राण्याविषयीं ईश्वरावर वैषम्याचा दोष येतो; तसेंच परिमित पापास अनंत नरक हा न्याय नव्हे; हे त्यांचे मुख्य आक्षेप. ख्रिस्ती ईश्वरशास्त्रांतील सृष्टि, पाप व दंड या तीनही विषयांचा मर्मभेद यांत आहे.

परंतु १४ मार्च १८४८ रोजीं जौनपूर येथें याच नीलकंठशास्त्र्यांनीं बाप्तिस्मा घेऊन नेहेम्या हें नांव धारण केलें. पुढें ‘षड्दर्शनदर्पण’ (१८६०) या हिंदी ग्रंथांत, ज्या अनादि कर्मपरंपरेवर पूर्वीं भिस्त ठेविली होती तिचेंच त्यांनीं खंडन केलें. १८९५ सालीं मुंबईस ते निवर्तले.

येथें निर्णयाचा प्रश्न येतो. कर्त्यानें स्वतः त्यागिलेलें मत मांडणारा ग्रंथ प्रमाण मानावा काय? आमच्या मतें अवश्य मानावा. युक्तीचें बलाबल वक्त्याच्या पुढील आचरणावरून ठरत नाहीं. नाहींतर मीमांसकांचा एकहि पूर्वपक्ष शिल्लक राहिला नसता. शिवाय एकाच पुरुषानें दोन्ही पक्ष तितक्याच निष्ठेनें मांडल्याचें असें उदाहरण विरळा. तथापि ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’ १९५१ सालीं उज्जयिनीस सदाशिव कात्रे यांच्या संपादनाखालीं प्रसिद्ध झाला. ग्रंथरचनेनंतर शंभराहून अधिक वर्षें लोटलीं होतीं. एका समाजानें कर्ता आपला राहिला नाहीं म्हणून व दुसऱ्यानें ग्रंथ आपला नव्हे म्हणून उपेक्षा करावी, अशीच त्याची स्थिति होती.

यास्तव संग्राहकांस आमची विनंति आहे कीं, परमताच्या नांवाची पोथी दृष्टीस पडतांच ती बाजूस टाकूं नये. खंडनासाठीं कां होईना, परक्या शास्त्राचा प्रथम परिचय आपल्या पंडितांनीं कसा करून घेतला, हें अशाच पोथ्यांवरून कळावयाचें आहे.