आठ सेकंदांचा सूर

किंग क्रिम्झन या इंग्लिश बँडचा पहिला अल्बम, ‘इन द कोर्ट ऑफ द क्रिम्झन किंग’, १० ऑक्टोबर १९६९ रोजी बाजारात आला. प्रोग्रेसिव्ह रॉकचा आरंभ पुष्कळजण इथूनच धरतात. त्यातलं ‘एपिटाफ’ ऐकताना पाठीमागे व्हायोलिनवाल्यांचा ताफा बसलाय असं वाटतं. प्रत्यक्षात बँडमधला इयन मॅकडॉनल्ड एकटा मेलोट्रॉन नावाचं पट्ट्यांचं वाद्य वाजवत होता.

या पेटाऱ्याचं मूळ कॅलिफोर्नियात आहे. हॅरी चेंबरलिन यांनी १९४० च्या दशकाच्या अखेरीस प्रत्येक पट्टीखाली टेपचा एकेक तुकडा बसवला. त्यावर खऱ्या वादकाने वाजवलेला एकच सूर. दिवाणखान्यात घरच्या मंडळींनी मिळून गावं, एवढाच हेतू. १९६२ मध्ये बिल फ्रॅन्सन हा त्यांचा विक्रेता दोन यंत्रं घेऊन इंग्लंडला गेला आणि बर्मिंगहॅमच्या ब्रॅडली बंधूंना ती आपलीच म्हणून दाखवली. त्यातून मेलोट्रॉन जन्मलं. चेंबरलिनना याचा पत्ताही नव्हता. ही फसवणूक मला आजही खुपते.

ब्रॅडली बंधूंच्या कारखान्यात काम केलेला माइक पिंडर पुढे मूडी ब्लूज या बँडमध्ये गेला आणि मेलोट्रॉन रॉकमध्ये शिरलं. बीटल्सच्या ‘स्ट्रॉबेरी फील्ड्स फॉरएव्हर’च्या सुरुवातीची बासरीही मेलोट्रॉनचीच.

आपल्या पेटीचा भाता हलता ठेवला की सूर हवा तेवढा टिकतो. मेलोट्रॉनची पट्टी दाबली की मात्र टेप फिरत्या दांड्यावर चेपली जाते आणि पुढे सरकते. साधारण आठ सेकंदांत ती संपते. बोट उचलायचं, स्प्रिंगने टेप मागे खेचू द्यायची, मग पुन्हा दाबायचं. एकदम बऱ्याच पट्ट्या दाबल्या तर मोटर दमते आणि सूर किंचित उतरतो. घरगुती करमणुकीच्या यंत्राचा हा दोषच. पण क्रिम्झनच्या शीर्षकगीतात स्वरांचे डोंगर उभे राहतात ते याच श्वास तुटणाऱ्या, थरथरत्या आवाजातून. खरा वाद्यवृंद तिथे गोड वाटला असता. इतका भयाण नाही. १९७२ मध्ये जेनेसिस या बँडच्या टोनी बँक्सने ‘वॉचर ऑफ द स्काइज’ याच आवाजाने उघडलं.

आता मेलोट्रॉन संगणकावर मिळतं. जुन्या टेपांवरून उचललेल्या त्या आवाजात कुणा अनोळखी व्हायोलिनवादकाचा गज अजून फिरतो, आणि टेपचा कंपही तसाच ठेवलेला असतो.