संपाने उघडलेला वर्ग

६ नोव्हेंबर १९६८ रोजी अमेरिकेतल्या सॅन फ्रान्सिस्को स्टेट कॉलेजात विद्यार्थ्यांनी संप पुकारला. निमित्त जॉर्ज मरे यांच्या निलंबनाचं. मरे तिथे इंग्रजी शिकवायचे आणि ब्लॅक पँथर पक्षात शिक्षणाची जबाबदारीही सांभाळायचे. पण कृष्णवर्णीय विद्यार्थी संघटनेच्या १० मागण्या निलंबनापुरत्या नव्हत्या. आपल्या लोकांचा इतिहास शिकवणारा स्वतंत्र विभाग हवा, पदवी देण्याचा आणि शिक्षक नेमण्याचा अधिकार त्याच विभागाकडे हवा, अशी त्यांची मागणी होती. इतर वंशांच्या विद्यार्थ्यांनीही साथ दिली आणि आणखी ५ मागण्या जोडल्या.

विषय नवा नव्हता. कार्टर वुडसन यांनी १९१५ मध्येच त्यासाठी संशोधन संस्था काढली होती आणि १९२६ मध्ये कृष्णवर्णीयांच्या इतिहासाचा सप्ताह सुरू केला होता. हॉवर्डसारख्या कृष्णवर्णीयांच्या विद्यापीठांत तो शिकवलाही जात होता. गोऱ्यांच्या ताब्यातल्या बहुतेक कॉलेजांची दारं मात्र त्याला बंद होती.

संप चार महिन्यांहून अधिक चालला. आवारात पोलीस आले, लाठ्या चालल्या, कॉलेजचे अध्यक्ष रॉबर्ट स्मिथ यांनी राजीनामा दिला. त्यांच्या जागी आलेले भाषातज्ज्ञ हायाकावा २ डिसेंबरला थेट विद्यार्थ्यांच्या गाडीवर चढले आणि त्यांनी ध्वनिक्षेपकाच्या तारा उपटल्या. जानेवारीत प्राध्यापकांनीही संप केला. त्याच महिन्यात एका सभेतून ४०० हून अधिक जणांना अटक झाली.

मार्च १९६९ मध्ये तडजोड झाली आणि त्याच वर्षी वांशिक अभ्यासाची स्वतंत्र शाखा सुरू झाली. कॉलेजात कृष्णवर्णीयांचा अभ्यासक्रम आखण्यासाठी बोलावलेले समाजशास्त्रज्ञ नेथन हेअर यांना मात्र, संपाची बाजू घेतल्यावर, पुन्हा नेमणूक मिळाली नाही. या विजयाची ही किंमत विसरता कामा नये. हेअर यांनी त्याच वर्षी सहकाऱ्यांबरोबर ‘द ब्लॅक स्कॉलर’ हे नियतकालिक काढलं.

पुढे असे विभाग देशभर निघाले. टेम्पल विद्यापीठात १९८८ मध्ये पीएच.डी.चीही सोय झाली. अभ्यासाचा पल्ला अटलांटिकपार नेलेल्या गुलामांपुरता राहिला नाही. आफ्रिकेतून पूर्वेकडे नेलेल्या गुलामांवर इतिहासकार जोसेफ हॅरिस यांनी १९७१ मध्ये ग्रंथ लिहिला. त्यात जंजिऱ्याचे सिद्दी आहेत, आणि गुलाम म्हणून विकला जाऊन निजामशाहीचा कारभारी झालेला मलिक अंबरही आहे. मराठी वाचकाला अंबर ठाऊक असतो तो मुघलांना झुंजवणारा आणि जमीनमहसुलाची घडी बसवणारा म्हणून. हॅरिस यांनी त्याला इथिओपियापासून दख्खनपर्यंतच्या सक्तीच्या स्थलांतराच्या इतिहासात ठेवलं.