कारखान्यांचे संगणकीकरण आणि ऊर्जेचे गणित

यंत्रांना सेन्सर, संगणकीय नियंत्रण आणि माहितीचे जाळे जोडणे म्हणजे उद्योगांचे डिजिटायझेशन. जर्मनीतील हॅनोव्हरच्या औद्योगिक प्रदर्शनात २०११ मध्ये 'इंडस्ट्री ४.०' ही संज्ञा पुढे आली आणि या प्रक्रियेला जगभर गती मिळाली. त्यामुळे उत्पादन वाढते, हे खरे; मात्र विजेचा वापर घटतो का, याचे उत्तर इतके सरळ नाही.

जगातील एकूण विजेपैकी ४० टक्क्यांहून अधिक वीज मोटारींवर खर्च होते. पंप, पंखे आणि कॉम्प्रेसर या मोटारींवरच चालतात. जुन्या पद्धतीत पंखा पूर्ण वेगाने फिरत राहतो आणि हवेचा प्रवाह झडप लावून रोखला जातो. व्हेरिएबल फ्रिक्वेन्सी ड्राइव्ह हे उपकरण मोटारीचा वेगच गरजेनुसार बदलते. पंख्याला लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलत असल्याने वेग ८० टक्क्यांवर आणला, तर शक्ती जवळपास निम्म्यावर येते. मात्र मोटार सतत पूर्ण भारावर चालणार असेल, तर या उपकरणाचा काहीच लाभ नसतो; उलट ते स्वतःच थोडी वीज खाते.

दाबयुक्त हवेचे उदाहरणही बोलके आहे. देखभालीकडे दुर्लक्ष झालेल्या कारखान्यांत २० ते ३० टक्के हवा गळतीतून वाया जाते. उत्पादन बंद असतानाही हवेचा प्रवाह सुरू असल्याचे मापक दाखवतो; परंतु गळती बुजवण्यासाठी फिटरलाच पाना हाती घ्यावा लागतो. मोजमाप म्हणजे बचत नव्हे.

दुसरी बाजू कारखान्याबाहेर आहे. यंत्रांची माहिती साठवणारी डेटा सेंटर स्वतःच मोठी ग्राहक ठरली आहेत. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या अंदाजानुसार २०२४ मध्ये जगातील डेटा सेंटरनी सुमारे ४१५ अब्ज युनिट, म्हणजे एकूण विजेच्या दीड टक्का वीज वापरली. त्यात उद्योगांचा वाटा काही अंशीच असला, तरी हा खर्च कारखान्याच्या वीजबिलात दिसत नाही.

ब्रिटिश अर्थतज्ज्ञ विल्यम स्टॅन्ले जेव्हन्स यांनी १८६५ मध्येच एक इशारा दिला होता. वाफेची इंजिने कार्यक्षम झाली, की कोळसा वाचत नाही. इंजिने स्वस्तात चालू लागल्याने त्यांचा वापर वाढतो आणि कोळशाची एकूण मागणीही वाढते, असे त्यांचे प्रतिपादन होते.

भारताच्या 'पॅट' योजनेकडे या दृष्टीने पाहणे उद्बोधक ठरते. २०१२ ते २०१५ या पहिल्या टप्प्यात पोलाद, सिमेंट, खते यांसह आठ क्षेत्रांतील ४७८ मोठ्या ग्राहकांना उद्दिष्टे देण्यात आली. सुमारे ६७ लाख टन तेल-समतुल्य ऊर्जेच्या बचतीचे उद्दिष्ट असताना प्रत्यक्षात सुमारे ८७ लाख टनांची बचत नोंदवली गेली. मात्र ही उद्दिष्टे एकूण वापरावर नव्हे, तर प्रति टन उत्पादनामागे लागणाऱ्या ऊर्जेवर बेतलेली होती. टनामागचा वापर घटला, तरी उत्पादन त्याहून वेगाने वाढल्यास एकूण वापर वाढतोच.

विकसनशील देशाने उत्पादन वाढवू नये, असा याचा अर्थ नाही. परंतु डिजिटायझेशनमुळे ऊर्जा वाचली, असे सांगितले जाते तेव्हा ती दर टनामागे वाचली की एकूण, हा प्रश्न विचारायलाच हवा. कारण वीज केंद्रात जळणारा कोळसा ठरतो तो एकूण मागणीनुसारच.