शरीराची साक्ष



आपल्या मराठी भाषेनें मनाचे पुष्कळसे व्यवहार शरीराच्या खातीं मांडून ठेवले आहेत. भय वाटलें कीं पोटांत गोळा उठतो, अशुभ वार्तेच्या नुसत्या चाहुलीनें काळजांत धस्स होतें, संकट दिसलें कीं हातपाय गार पडतात. कित्येक प्रसंगीं बुद्धीला कारण उमगण्यापूर्वींच शरीर बोलून मोकळें होतें. या बोलण्यावर विश्वास ठेवावा कीं नाहीं, हा प्रश्न फार जुना आहे. त्याचीं उत्तरें कसकशीं बदलत गेलीं, याचा थोडा इतिहास आज सांगावयाचा आहे.

कालिदासाच्या शाकुंतलापासून आरंभ करूं. पहिल्या अंकांत कण्वांच्या आश्रमांत पाऊल टाकतांच दुष्यंताचा उजवा बाहु स्फुरतो. पांचव्या अंकांत राजासमोर येतांना शकुंतलेचा उजवा डोळा लवतो. पुरुषाचें उजवें अंग स्फुरणें शुभ आणि स्त्रीचें अशुभ, हा त्या काळचा संकेत होता. परंतु याच अंकांत कवीनें आणखी एक गोष्ट दाखविली आहे. दुर्वासाच्या शापामुळें राजा सारें विसरला आहे. तरी हंसपदिकेचें गीत कानीं पडतांच त्याला अकारण हुरहूर लागते, आणि शकुंतलेचा अव्हेर केल्यावरही त्याचें अंतःकरण त्या नकाराला रुकार देत नाहीं. डोळ्याचें लवणें भविष्य सांगूं पाहतें. ही हुरहूर मात्र घडून गेलेल्या गोष्टींतून उठलेली आहे. या दोहोंतला भेद ध्यानांत ठेवावा. पुढें शास्त्रानें जो धागा धरला तो हुरहुरीचा, शकुनाचा नव्हे.

१८८४ सालीं ‘माइंड’ या नियतकालिकांत विल्यम जेम्स या अमेरिकन पंडिताचा एक निबंध प्रसिद्ध झाला. आपण म्हणतों, अस्वल दिसलें, भय वाटलें, म्हणून पळालों. जेम्स यांचें म्हणणें असें कीं, हा क्रम उलटा आहे. शरीरांत आधीं फेरबदल होतात आणि त्या फेरबदलांची जी जाणीव, तिलाच आपण भय म्हणतों. पुढच्याच वर्षीं डेन्मार्कमधील कार्ल लांगे या वैद्यानें स्वतंत्रपणें असाच विचार मांडला. या मतावर हार्वर्ड विद्यापीठाच्या वॉल्टर कॅनन यांनीं १९२७ सालीं कडक आक्षेप घेतले. क्रोध असो, भीति असो, किंवा साधा ताप असो, आंतल्या इंद्रियांत होणारे फेरफार बरेचसे सारखेच असतात. मग त्यांवरून मनांतला नेमका भाव कसा ओळखावा? हा आक्षेप आजही विचारांत घ्यावा लागतो.

यानंतरचा महत्त्वाचा प्रयोग अमेरिकेंतील आयोवा विद्यापीठांतला. अंतोनियो दमासियो, आंत्वान बेशारा व त्यांचे सहकारी यांनीं १९९४ सालीं पत्त्यांचा एक खेळ प्रसिद्ध केला. चार गड्ड्या मांडावयाच्या. दोहोंत दर पानास १०० डॉलर मिळत, उरलेल्या दोहोंत ५०. परंतु मोठ्या लाभाच्या गड्ड्यांत दंडही इतका जबर कीं, दर दहा पानांमागें २५० डॉलरांचा तोटाच पदरीं पडे, आणि लहान लाभाच्या गड्ड्यांत तितकाच फायदा. खेळणाराच्या हाताला किती घाम सुटतो, हें यंत्रानें मोजलें. १९९७ सालीं त्यांनीं सांगितलें कीं, सुमारें दहा पानें उलटून झाल्यावर खोट्या गड्डीकडे हात वळवितांना घाम वाढूं लागतो. मनांत संशय येतो तो पन्नासाव्या पानाच्या सुमारास, आणि कारण सांगतां येतें तें ऐंशीच्या सुमारास. मेंदूच्या पुढील भागाच्या तळाशीं इजा झालेल्या रोग्यांना हा आगाऊ घाम सुटत नसे, आणि त्यांतले कांहीं तर कारण उमगूनही तोट्याचीच गड्डी उचलीत. पुढें २००४ सालीं इतर संशोधकांनीं दाखविलें कीं, बारकाईनें विचारल्यास खेळणारांना पुष्कळ आधींच उमगलेलें असतें. तेव्हां शरीर बुद्धीच्या किती पुढें धांवतें, हा वाद मिटलेला नाहीं. परंतु एक गोष्ट स्पष्ट आहे. तोटा सोसण्यापूर्वीं हा इशारा मिळत नव्हता. शरीर ज्योतिषी नाहीं, तें विद्यार्थी आहे.

आयुष्य शाळेंत घालविलेल्या माणसाला यापुढचा प्रश्न सहजच सुचतो: या विद्यार्थ्याचा गुरु कोण? वर्गांत उत्तर पाठ असूनही उभे राहतांच ज्यांच्या घशाला कोरड पडते अशीं मुलें मीं पुष्कळ पाहिलीं. ती कोरड अज्ञानाची नव्हती. पूर्वीं कोणीतरी केलेल्या उपहासाची होती. शिवाय संदेश खरा असून त्याचा अर्थ चुकतो, असेंही होतें. १९७४ सालीं डोनाल्ड डटन व आर्थर अॅरन यांनीं कॅनडांतील कॅपिलानो नदीवरच्या झुलत्या पुलावर एक प्रयोग केला. खालीं सुमारें २३० फूट खोल दरी. पुलावर भेटलेल्या तरुणीला पुढें दूरध्वनि करणारे पुरुष, ठेंगण्या भक्कम पुलावरल्या पुरुषांच्या मानानें, बरेच अधिक निघाले. संशोधकांच्या मतें उरांतली धडधड पुलाची होती, आणि तिचें श्रेय तरुणीला मिळालें.

याहून गंभीर उदाहरण आपल्याच घरचें आहे. शिवाशिवीच्या काळांत विशिष्ट माणसाची सावली पडली तरी कित्येकांचें अंग खरोखरच आक्रसत असे. २० मार्च १९२७ रोजीं डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखालीं अस्पृश्य मानलेल्या लोकांनीं महाडच्या चवदार तळ्याचें पाणी प्राशन केलें, तेव्हां त्या तळ्याची शेण-गोमूत्रानें ‘शुद्धि’ करण्यांत आली. ती किळस ढोंगी नव्हती. परंतु ती खरी असल्यानें न्याय्य ठरत नाहीं. शरीराला तो पाठ अन्यायानें पढविला होता, आणि विद्यार्थ्यानें तो चोख म्हणून दाखविला.

चांगल्या पढवणीचेंही उदाहरण देतों. गॅरी क्लाइन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानें आगीच्या बंबावरील एका नायकाची हकीकत नमूद केली आहे. घरांतल्या आगीवर पाणी मारूनही ती हटेना. खोली अपेक्षेपेक्षां फार तापलेली आणि आगीचा आवाज मात्र फार थोडा. नायकाला कारण सांगतां येईना, पण कांहींतरी विपरीत आहे असें वाटून त्यानें माणसें बाहेर काढलीं. लागलीच जमीन खचली. खरी आग खालच्या तळघरांत होती. २००९ सालीं क्लाइन यांनीं डॅनियल काहनेमान यांच्याबरोबर एक लेख लिहिला. अंतःप्रेरणेवर फारसा भरंवसा नसलेले काहनेमान आणि तिचे पुरस्कर्ते क्लाइन, या दोघांचें दोन अटींवर एकमत झालें. ज्या क्षेत्रांत घटनांना कांहीं नियम आहे, आणि आपला अंदाज बरोबर कीं चूक हें कळण्याची संधि दीर्घकाळ मिळाली आहे, तेथेंच प्रेरणा विश्वासास पात्र ठरते.

तेव्हां पोटांत गोळा उठला तर त्याला दटावूं नये आणि त्याची आज्ञाही मानूं नये. प्रथम विचारावें, हा पाठ याला कोणीं दिला? दुसरें, या कामाचा मला अनुभव किती? तिसरें, इशारा खोटा ठरला तर जाईल काय, आणि खरा असून दुर्लक्षिला तर जाईल काय? अंदाज वहींत टिपून ठेवून कांहीं महिन्यांनीं ताडून पाहणें, हा शरीराची परीक्षा घेण्याचा सोपा मार्ग आहे. घरांतल्या मुलांच्या बाबतींत मात्र तिसरा प्रश्न सर्वांत आधीं विचारावा. एखादें मूल कोणा परिचित माणसाजवळ जावयास बिचकत असेल, तर ‘असें वागूं नये, पाहुणे काय म्हणतील’ म्हणून त्याला पुढें ढकलूं नये. मूल चुकलेलें असलें तर पाहुण्याला घटकाभर वाईट वाटेल. तें बरोबर असलें, तर आपल्या अंगांतली पहिली साक्ष घरच्यांनींच खोटी ठरविली, हें तें जन्मभर विसरणार नाहीं.