पोणिकीचं लाकूड आणि चिंचोक्याची खळ

पौष पौर्णिमेला नार्नूरला खामदेवाची जत्रा भरते. तोडसम कुळातली एक लेक देवासमोर तिळाचं तेल पिऊन नवस पुरा करते आणि ते बघायला गावोगावचे गोंड, लमाणी, मराठी लोक जमतात. आपण बायका बांगड्यांपाशी रेंगाळतो, पोरं खेळण्यांच्या दुकानाशी अडून बसतात. दुकानात सगळं प्लास्टिक. मला दर वेळी एकच वाटतं, ज्या जिल्ह्यातली लाकडी खेळणी देशभर नावाजली, त्या जिल्ह्यातल्या जत्रेत एक लाकडी पोपट मिळू नये?

ही खेळणी निर्मलची. निर्मल 2016 च्या दसऱ्याला वेगळा जिल्हा झाला, त्याआधी ते आपल्या आदिलाबादचंच होतं. उटनूर, इंद्रवेल्ली, गुडीहतनूर करत मोठ्या रस्त्याला लागायचं आणि घाट उतरायचा, की आलंच. तिथल्या नकाश कारागिरांना सतराव्या शतकात निम्मा नायडू या सरदाराने आश्रय दिला, गावाचं नावही त्याच्यावरूनच पडलं, असं सांगतात.

मुळात लाकूडच वेगळं. पोणिकी नावाचं रानझाड. त्याचं लाकूड इतकं हलकं आणि मऊ, की ना त्याची तुळई होते ना पाट. सुताराच्या लेखी बिनकामाचंच. पण तासायला सोपं आणि वाळल्यावर वजनच नाही! सीताफळ, आंबा, मिरची, हरिण, मोर, सगळं त्यातून निघतं. हरणाचे पाय, शिंगं, कान वेगवेगळे कोरतात आणि मग जोडतात. जोडायला काय? चिंचोक्याची खळ आणि त्यात लाकडाचाच भुसा. या लेपाने सांधे बुजवायचे, वाळवायचं, घासायचं, वर पांढऱ्या मातीचा हात द्यायचा, पुन्हा वाळवायचं आणि मगच रंग. रंग पूर्वी झाडपाल्याचे, खनिजांचे असत. आता बहुतेक डब्यातले. लहानपणी आमच्या आजीकडे घोंगड्याला चिंचोक्याची खळ लावलेली मी पाहिली होती, म्हणून निर्मलला एका घराच्या ओसरीवर तोच वास आला तेव्हा पायच थबकले. खळ एक बाई ढवळत होती. ती म्हणाली, कोरणं माणसाचं, पण खळ बिघडली तर हरिण महिन्याभरात लंगडं होतं.

निजामाच्या राज्यात या कलेला दरबार मिळाला. निजाम आदिलाबादला आले तेव्हा त्यांच्या डोक्यावर केळफूल टांगलं होतं, ते उमललं आणि सोनेरी पाकळ्या खाली पडल्या, अशी गोष्ट तिकडे अजून सांगतात. खरी-खोटी कोण जाणे, पण कारागिरांना ती आवडते. आपल्याला जास्त जवळची वाटावी ती लेडी अमीना हैदरी. मुंबईच्या तय्यबजी घराण्यातली मुलगी, हैदराबादचे पंतप्रधान झालेल्या सर अकबर हैदरींची पत्नी. 1908 च्या मुसीच्या महापुरात केलेल्या कामासाठी तिला कैसर-ए-हिंद पदक मिळालं होतं. तिने निर्मलच्या कारागिरांना हैदराबादेत आणून काम दिलं. मोठ्या घरची बाई म्हणून दिवाणखान्यात चार वस्तू मांडून ती थांबली नाही.

त्याच सुमारास, 1938 मध्ये, उस्मानिया विद्यापीठातल्या पदवीधरांनी हैदराबादच्या बागेआममध्ये मुल्की वस्तूंचं प्रदर्शन सुरू केलं. तीच नुमाइश. 1946 पासून ती नामपल्लीच्या मैदानावर भरते, एक जानेवारीला उघडते आणि दीड महिना चालते. एक दिवस फक्त बायकांचा असतो. तिकिटाच्या पैशांतून ही सोसायटी कॉलेजं चालवते. मुलींचं सरोजिनी नायडू वनिता महाविद्यालय त्यातलंच. लग्नानंतर पहिल्यांदा मी तिथे गेले आणि निर्मलच्या लाकडी फळांचं ताट घेऊन आले. अष्टमी-चतुर्दशीला हिरवं वर्ज्य असलेल्या आमच्या घरात ती हिरवीगार मिरची बारा महिने मेजावर असते, सासूबाईंनीही कधी हरकत घेतली नाही.

संस्थान 1948 ला संपलं, दरबारही गेला. मग 1955 मध्ये निर्मलच्या कारागिरांची सहकारी संस्था उभी राहिली. पुढच्याच वर्षी राज्यांच्या वाटण्या झाल्या, किनवट-राजुरा जिल्ह्यातून निघून गेले, आपण इकडे राहिलो. त्या धामधुमीत या संस्थेकडे कोणाचं लक्ष गेलं असेल! पण मला ते निम्मा नायडूच्या आश्रयापेक्षाही मोठं वाटतं. मालक बदलला तरी कारागिराला काम मिळत राहिलं. 2009 मध्ये निर्मलच्या खेळण्यांना भौगोलिक मानांकनही मिळालं, म्हणजे दुसऱ्या कोणी हे नाव लावून विकू नये.

नाव राखलं गेलं, झाडाचं काय? पोणिकीत नर-मादी झाडं वेगळी असतात. बीचं कवच टणक, त्यामुळे रुजणं मुळातच कमी. एका रानातली मादी झाडं तोडली की तिथे पुढची पिढीच नाही. पिढ्यान्‌पिढ्या तोड झाली, लागवड मात्र अलीकडे सुचली. आता लाकूड लांबून आणावं लागतं, परवानगीही लागते. स्वस्त प्लास्टिकशी लढायचं ते वरून वेगळंच. हे झाड सागासारखं पैसा देत नाही, म्हणून ते कोणी लावलं नाही, यात माझ्या मते कारागिरांपेक्षा आपल्या सगळ्यांचा दोष जास्त.

आणि नावांचं म्हणाल, तर निम्मा नायडूचं राहिलं, निजामाचं राहिलं, लेडी हैदरींचं थोडंफार. खळ ढवळणारीचं नाव मीही विचारायला विसरले.

माझ्या ताटातल्या सीताफळाचा देठ गेल्या वर्षी तुटला. बाजारातल्या डिंकाने दोनदा चिकटवला, दोनदा निघाला. काल चिंचोके भिजत घातलेत. कोपऱ्यावरच्या सुताराकडून मूठभर भुसाही मागून आणलाय, तो हसत होता.