‘अराइव्ह’ : काठाला लागलेला शब्द

बीड आणि अहिल्यानगर यांच्यादरम्यान प्रवासी रेल्वेगाडी १७ सप्टेंबर २०२५ रोजी प्रथमच धावू लागली. मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाचा मुहूर्त होता. परळी वैजनाथला निजामाच्या काळापासून रेल्वे असली, तरी जिल्ह्याचे मुख्य ठाणे मात्र तिच्यापासून वंचितच होते. अहिल्यानगर-बीड-परळी या २६१ किलोमीटरच्या मार्गापैकी आष्टीपर्यंतचा ६६ किलोमीटरचा टप्पा २०२२ मध्ये सुरू झाला होता. इतक्या प्रतीक्षेनंतरच्या या घटनेला इंग्रजीत ‘अराइव्हल’ म्हणतात; मराठीत आगमन.

‘अराइव्ह’चे मूळ लॅटिन ‘रिपा’ म्हणजे नदीचा वा समुद्राचा काठ. जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत आलेल्या या क्रियापदाचा आरंभीचा अर्थ काठाला लागणे असा होता. पुढे जहाज सुटले आणि पोहोचणे तेवढे उरले. बिंदुसरेच्या काठी वसलेल्या बीडला मूळ अर्थही अगदीच परका नाही!

मराठी माणसाचा घोटाळा होतो तो त्यापुढच्या शब्दयोगी अव्ययात. ‘बीडला पोहोचलो’ यातील ‘ला’चे भाषांतर तो सहजच ‘टू’ असे करतो आणि ‘अराइव्ह टू बीड’ म्हणून जातो. इंग्रजीला हे मान्य नाही. स्थानक, कचेरी, विवाहस्थळ अशा नेमक्या ठिकाणासाठी ‘अॅट’, तर शहर वा देशासाठी ‘इन’ वापरावे. गाडी बीड स्थानकावर ‘अॅट’ने येते, पण प्रवासी बीडमध्ये ‘इन’ने येतो. ‘होम’ आणि ‘हिअर’ यांच्यापूर्वी काहीच लागत नाही. याचे भावंड ‘रीच’ याहून वेगळे. ते थेट कर्म घेते, म्हणून ‘रीच्ड बीड’ पुरेसे. ‘रीच्ड टू बीड’ ही आपली नेहमीची चूक.

निर्णयाप्रत येणे म्हणजे ‘अराइव्ह अॅट अ डिसिजन’. घरात बाळ जन्मले की त्यालाही ‘न्यू अराइव्हल’ म्हणतात आणि दुकानातील नव्या कापडालाही. बाजार समितीच्या इंग्रजी तक्त्यात ‘अराइव्हल्स’ म्हणजे शेतमालाची आवक. ऐन हंगामात सोयाबीनची ही आवक वाढली की भाव घसरण्याची धास्ती असते. तिथे या शब्दाला आनंदाचा स्पर्श राहत नाही. कचेरीतील आवक-जावक नोंदवहीतील आवक मात्र ‘इनवर्ड’; तिथे ‘अराइव्हल’ चालणार नाही. पावसाळ्याच्या आगमनालाही हवामान खाते ‘ऑनसेट’ म्हणते.

आणि ‘ही हॅज अराइव्हड’? कुठे, असा प्रश्न इथे विचारायचा नसतो. त्याला प्रतिष्ठा लाभली, इतकाच त्याचा अर्थ. मराठीत हुबेहूब ‘तो पोचलेला आहे’ म्हणू गेल्यास पंचाईत होईल. आपला पोचलेला माणूस एक तर सिद्धपुरुष असतो, नाही तर पक्का बिलंदर!