हॅप्टोग्लोबिन : मधुमेहींच्या हृदयाशी निगडित एक जनुक

वय, वजन, रक्तशर्करा आणि औषधे जवळपास सारखी असूनही एका मधुमेही रुग्णाला हृदयविकार लवकर गाठतो, तर दुसरा वर्षानुवर्षे त्यापासून दूर राहतो. धूम्रपान, रक्तदाब, आहार, व्यायाम ही या तफावतीची परिचित कारणे आहेत. मात्र तिचा काही भाग आनुवंशिक असतो. ‘हॅप्टोग्लोबिन’ या रक्तातील प्रथिनाचे जनुक हे त्याचे लक्षणीय उदाहरण होय. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या सहकार्याने झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख मधुमेही आहेत. त्यामुळे हा विषय केवळ प्रयोगशाळेपुरता उरत नाही.

ऑक्सिडीकरणाचा ताण

पेशी प्राणवायूच्या साहाय्याने ऊर्जा निर्माण करतात, तेव्हा काही अतिक्रियाशील रेणूही तयार होतात. त्यांतील अनेकांना ‘फ्री रॅडिकल्स’ म्हणतात. वार्धक्याचे मूळ या रेणूंत असावे, असा सिद्धांत अमेरिकी शास्त्रज्ञ डेनहॅम हार्मन यांनी १९५६ मध्ये मांडला. हे रेणू अल्प प्रमाणात शरीराला उपयुक्तच असतात. परंतु त्यांची निर्मिती वाढली आणि त्यांना आवर घालणारी यंत्रणा अपुरी पडली, की पेशींची आवरणे, प्रथिने व स्निग्ध द्रव्ये यांना इजा पोहोचते. हाच ऑक्सिडीकरणाचा ताण. रक्तातील साखर दीर्घकाळ वाढलेली राहिल्यास तो वाढतो आणि रक्तवाहिन्यांच्या आतील अस्तराची हानी होते.

रक्तातील राखणदार

तांबड्या पेशी फुटल्या, की त्यांतील हिमोग्लोबिन रक्तद्रवात उतरते. हिमोग्लोबिनमध्ये लोह असते आणि पेशीबाहेर आलेले हे लोह ऑक्सिडीकरणाला चालना देते. हॅप्टोग्लोबिन या मोकळ्या हिमोग्लोबिनला घट्ट धरून ठेवते. मग ‘मॅक्रोफेज’ या भक्षक पेशी ही जोडी गिळून तिची विल्हेवाट लावतात.

हे प्रथिन सर्वांत एकसारखे नसते. ऑलिव्हर स्मिथीज यांनी १९५५ मध्ये बटाट्याच्या स्टार्चपासून केलेल्या जेलमध्ये विद्युतप्रवाहाच्या साहाय्याने रक्तातील प्रथिने वेगळी केली, तेव्हा हा फरक उघड झाला. सोळाव्या गुणसूत्रावरील या जनुकाची दोन प्रमुख रूपे आहेत. त्यांना १ आणि २ असे क्रमांक दिले आहेत. आई आणि वडील यांच्याकडून प्रत्येकी एक रूप येत असल्याने माणसांचे १-१, २-१ आणि २-२ असे तीन गट पडतात. रूप २ हे जनुकाच्या एका तुकड्याची पुनरावृत्ती होऊन तयार झाले. २-२ गटातील प्रथिनाचे रेणू आकाराने मोठे, वर्तुळाकार जोडलेले असतात आणि लोहाला आवर घालण्यात तुलनेने कमी पडतात.

युरोपीय वंशाच्या लोकांत साधारण एकतृतीयांश व्यक्ती २-२ गटात मोडतात. भारतीय उपखंडात हे प्रमाण याहून बरेच अधिक आहे. हे रूप मुळात भारतातच उद्भवले असावे, असाही एक मतप्रवाह आहे.

मधुमेहात धोका का वाढतो?

केवळ २-२ गट म्हणजे आजार नव्हे. त्याची गाठ मधुमेहाशी पडते, तेव्हा धोका ठळक होतो. मधुमेहात हिमोग्लोबिनला साखर चिकटलेली असते आणि या जोडीची विल्हेवाटही मंदावते. ही जोडी ‘एचडीएल’ या चांगल्या कोलेस्टेरॉलच्या कणांना चिकटते. परिणामी, रक्तवाहिन्यांतील कोलेस्टेरॉल वाहून नेण्याचे त्या कणांचे काम बिघडते. अमेरिकेतील मूळनिवासी समाजांच्या ‘स्ट्राँग हार्ट’ अभ्यासातील रक्तनमुन्यांच्या आधारे २००२ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्यांनुसार २-२ गटातील मधुमेहींना हृदयविकाराचा धोका १-१ गटातील मधुमेहींच्या सुमारे पाचपट होता.

सरासरीआड दडलेले उत्तर

ऑक्सिडीकरणामुळे हानी होत असेल, तर ते रोखणारे ई जीवनसत्त्व उपयोगी पडावे, हा तर्क साधा होता. मात्र मोठ्या चाचण्यांत तो टिकला नाही. ‘होप’ चाचणीत ९,५४१ व्यक्तींना सरासरी साडेचार वर्षे पाहण्यात आले. २००० मध्ये निष्कर्ष आला की, रोज ४०० एकके ई जीवनसत्त्व घेऊनही हृदयविकार कमी झाला नाही. ब्रिटनमधील २०,५३६ व्यक्तींच्या चाचणीत ई, सी आणि बीटा-कॅरोटीन एकत्र देण्यात आले. २००२ मध्ये त्याचेही उत्तर तेच आले.

पुढे इस्रायलमधील संशोधक अँड्र्यू लेव्ही व सहकाऱ्यांनी ‘होप’मधील मधुमेहींची विभागणी हॅप्टोग्लोबिनच्या गटांनुसार केली. तेव्हा २-२ गटात ई जीवनसत्त्वाचा लाभ दिसला. त्यानंतर इस्रायलमध्येच ‘आयकेअर’ ही स्वतंत्र चाचणी झाली. तीत २-२ गटातील ५५ वर्षांवरील १,४३४ मधुमेहींचा समावेश होता. हृदयविकाराचा झटका, पक्षाघात किंवा त्यांमुळे मृत्यू यांचे प्रमाण दीड वर्षात ई जीवनसत्त्व घेणाऱ्यांत २.२ टक्के, तर औषधगुण नसलेली गोळी घेणाऱ्यांत ४.७ टक्के आढळले. चाचणी मुदतीपूर्वीच थांबवण्यात आली. अशा वेळी लाभ वास्तवापेक्षा मोठा भासण्याची शक्यता असते, हे ध्यानात ठेवायला हवे.

याउलट, २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात २-१ गटातील मधुमेहींमध्ये ई जीवनसत्त्वामुळे ‘एचडीएल’चे कार्य मंदावल्याचे आढळले. एकाला तारक ठरणारी गोळी दुसऱ्याला मारक ठरू शकते. सर्वांची सरासरी काढली, की मात्र उत्तर शून्य येते.

मग गोळी घ्यावी काय?

आपला गट ठाऊक नसताना स्वतःच्या मनाने ई जीवनसत्त्वाची गोळी सुरू करणे इष्ट नाही. ३५ हजारांहून अधिक पुरुषांच्या ‘सिलेक्ट’ चाचणीत रोज ४०० एकके घेणाऱ्यांत प्रोस्टेट ग्रंथीच्या कर्करोगाचे प्रमाण १७ टक्क्यांनी अधिक असल्याचे २०११ मध्ये दिसून आले. रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांत रक्तस्रावाचा धोकाही संभवतो. हृदयविकार किंवा कर्करोग टाळण्यासाठी ई जीवनसत्त्व घेऊ नये, असा सल्ला अमेरिकेतील प्रतिबंधक सेवा कृतिदलाने २०२२ मध्ये सर्वसाधारण प्रौढांसाठी दिला. इस्रायलमधील निष्कर्षही भारतीयांना जसेच्या तसे लागू करता येत नाहीत.

जनुक बदलता येत नाही. परंतु त्याला साथ देणारी साखर आटोक्यात ठेवता येते. रक्तशर्करेच्या कठोर नियंत्रणाचा हृदयाला होणारा लाभ २-२ गटातच दिसल्याचे ‘अकॉर्ड’ चाचणीच्या २०२० मधील फेरविश्लेषणात आढळले. हे नियंत्रण किती कठोर असावे, हे मात्र रुग्णागणिक बदलते आणि ते डॉक्टरांनीच ठरवावे. धूम्रपानाचा त्याग, रक्तदाबावर व कोलेस्टेरॉलवर लक्ष, नियमित चालणे आणि भाज्या, फळे व कडधान्ये यांनी युक्त आहार हे उपाय तिन्ही गटांना लागू आहेत.